औषध निरीक्षक (महाराष्ट्र)

औषध निरीक्षक हा औषधांची निर्मिती, साठवण, वितरण व विक्री कायद्यातील तरतुदींप्रमाणे होते किंवा नाही हे तपासणारा, संशयित औषधांचे नमुने घेणारा आणि गुन्हा आढळल्यास न्यायालयात फिर्याद दाखल करणारा शासकीय अधिकारी होय. त्याची नेमणूक औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० च्या कलम २१ अन्वये होते. महाराष्ट्रात हे अधिकारी राज्य शासनाच्या अन्न व औषध प्रशासनात काम करतात. या प्रशासनाचे मुख्यालय मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. आयात होणारी औषधे व नवी औषधे यांवर देखरेख ठेवण्यासाठी केंद्र शासनाचे वेगळे औषध निरीक्षक असतात. खाद्यपदार्थांची तपासणी करणारा अन्न सुरक्षा अधिकारी याच प्रशासनातला असला, तरी त्याचे अधिकार अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ या दुसऱ्या कायद्यातून आलेले आहेत.

धान्य, भाजी किंवा कापड विकत घेताना ग्राहक माल पाहून, हाताळून, वास घेऊन काही अंदाज बांधू शकतो. औषधाच्या बाबतीत तसे करता येत नाही. गोळीत खरे औषध किती आहे, हे रुग्णाला दिसत नाही, ते लिहून देणाऱ्या डॉक्टरांना दिसत नाही आणि विकणाऱ्या दुकानदारालाही दिसत नाही. सर्वांचा भरवसा वेष्टनावरील मजकुरावर असतो. तो मजकूर खरा आहे किंवा नाही, हे पडताळण्याचे काम कायद्याने या अधिकाऱ्याकडे सोपवले आहे. मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात १९८६ साली घडलेल्या दुर्घटनेने ही पडताळणी ढिली पडल्यास काय होते, हे महाराष्ट्राला दाखवून दिले.

पार्श्वभूमी

विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत भारतातील औषधांच्या बाजारावर परिणामकारक असे एकसंध नियंत्रण नव्हते. भेसळयुक्त व निकृष्ट औषधांच्या तक्रारी वाढल्यामुळे १९३० साली कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली औषध चौकशी समिती नेमण्यात आली. समितीने पुढच्या वर्षी अहवाल सादर केला व संपूर्ण देशासाठी कायदा असावा अशी शिफारस केली. त्यातून १९४० चा अधिनियम आणि १९४५ ची नियमावली तयार झाली.

याच काळात अमेरिकेत घडलेली एक घटना औषध नियंत्रणाच्या इतिहासात महत्त्वाची मानली जाते. १९३७ साली तेथे सल्फानिलामाइड हे औषध डायएथिलीन ग्लायकॉल या विषारी द्रवात विरघळवून ‘एलिक्झिर’ या नावाने विकले गेले आणि शंभरहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. विक्रीपूर्वी औषध सुरक्षित असल्याचे सिद्ध करण्याचे बंधन त्या वेळच्या अमेरिकी कायद्यात नव्हते. ‘एलिक्झिर’ या शब्दाने त्यात अल्कोहोल असल्याचे सूचित होते, प्रत्यक्षात ते नव्हते, म्हणून केवळ चुकीच्या लेबलाच्या आधारे निरीक्षकांना उरलेल्या बाटल्या जप्त करता आल्या. या प्रकरणानंतर अमेरिकेने १९३८ साली नवा कायदा केला. डायएथिलीन ग्लायकॉलचे नाव मात्र पुढे भारतातही पुन्हा पुन्हा ऐकू येणार होते.

पात्रता व निवड

औषध निरीक्षक होण्यासाठी औषधनिर्माणशास्त्राची पदवी, अथवा क्लिनिकल औषधशास्त्र किंवा सूक्ष्मजीवशास्त्र या विषयातील विशेष प्रावीण्यासह वैद्यकशास्त्राची पदवी आवश्यक असते. लसी, रक्तजल अशा जैविक औषधांच्या कारखान्यांची तपासणी करण्यासाठी याखेरीज निर्मितीचा, चाचणीचा किंवा तपासणीचा अनुभव लागतो. महाराष्ट्रात या पदाची भरती महाराष्ट्र लोकसेवा आयोगामार्फत होते. पदोन्नतीने निरीक्षक सहायक आयुक्त व पुढे सहआयुक्त होऊ शकतो.

कायद्याने नेमणुकीवर एक स्पष्ट बंधन घातले आहे. औषधांची आयात, निर्मिती किंवा विक्री यांत ज्याचा आर्थिक हितसंबंध आहे, अशा व्यक्तीला निरीक्षक नेमता येत नाही. निरीक्षक हा लोकसेवक समजला जातो. तपासणीत मिळालेली माहिती वरिष्ठांच्या लेखी परवानगीशिवाय उघड करण्यास त्याला मनाई आहे.

अधिकार व कर्तव्ये

अधिनियमाच्या कलम २२ मध्ये निरीक्षकाचे अधिकार सांगितले आहेत. ते थोडक्यात असे :

- औषधांचे कारखाने, गोदामे व दुकाने यांची तपासणी करणे;
- निर्मिती, साठा किंवा विक्री होत असलेल्या औषधांचे नमुने घेणे;
- गुन्हा घडल्याचा सबळ संशय असल्यास व्यक्तीची, जागेची किंवा वाहनाची झडती घेणे;
- संशयित साठा जास्तीत जास्त वीस दिवसांपर्यंत न विकण्याचा आदेश देणे, अथवा तो जप्त करणे;
- खरेदी-विक्रीची बिले, नोंदवह्या व इतर कागदपत्रे तपासणे व ताब्यात घेणे.

निरीक्षकाला कामात जाणूनबुजून अडथळा आणणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा होऊ शकते.

दैनंदिन कामाचा मोठा भाग नियमित तपासणीचा असतो. परवानाधारक दुकानांची वर्षातून किमान एकदा तपासणी व्हावी, अशी नियमात अपेक्षा आहे. दुकानात नोंदणीकृत फार्मासिस्ट हजर आहे का, डॉक्टरांच्या चिठ्ठीविना देता न येणारी औषधे कशी दिली जातात, थंड ठेवावयाची औषधे शीतकपाटात आहेत का, मुदत संपलेला माल वेगळा काढला आहे का, प्रत्येक औषधाचे खरेदीचे बिल उपलब्ध आहे का, हे निरीक्षक पाहतो. कारखान्यात कच्च्या मालाची चाचणी, प्रत्येक उत्पादन-तुकडीच्या नोंदी आणि यंत्रसामग्रीची स्वच्छता तपासली जाते. उत्तम निर्मितीपद्धतीचे निकष नियमावलीच्या ‘अनुसूची एम’मध्ये दिलेले आहेत.

नमुना घेण्याची पद्धत

औषध निरीक्षकाच्या कामाचा गाभा म्हणजे नमुना घेणे. तो कसा घ्यावा हे कलम २३ मध्ये तपशिलाने सांगितले आहे. निरीक्षकाने औषधाची रास्त किंमत देऊ करावी, नमुना चाचणीसाठी घेत असल्याचे विहित नमुन्यात लेखी कळवावे आणि त्या व्यक्तीच्या समक्ष नमुन्याचे चार भाग करून ते मोहोरबंद करावेत, असा नियम आहे. विक्रेत्याला आपली मोहोर उमटवण्याचीही मुभा असते. कारखान्यातून घेतलेल्या नमुन्याचे तीन भाग पुरेसे असतात. उघडल्याने औषध बिघडण्याचा संभव असल्यास किंवा वेष्टने लहान असल्यास ती न उघडता तितकी वेगवेगळी वेष्टने घेतली जातात.

चार भागांची वाटणी विचारपूर्वक केलेली आहे. एक भाग विक्रेत्याकडे राहतो, दुसरा शासकीय विश्लेषकाकडे जातो, तिसरा न्यायालयासाठी जपून ठेवला जातो आणि चौथा ज्याच्याकडून विक्रेत्याने माल घेतला त्या उत्पादकाला किंवा पुरवठादाराला दिला जातो. त्यामुळे सरकारने नमुना बदलला असा आरोप आरोपीला सहज करता येत नाही आणि आरोपीलाही आपल्या भागाची स्वतंत्र चाचणी करून घेता येते. मोहोर अस्पष्ट असणे, लेखी सूचना न देणे, अहवालाची प्रत वेळेत न पोहोचणे अशा उणिवांचा फायदा बचावपक्षाला मिळतो. म्हणून या कामात रसायनशास्त्राच्या ज्ञानाइतकेच कागदोपत्री काटेकोरपणालाही महत्त्व आहे.

विश्लेषणाचा अहवाल व खटला

महाराष्ट्रात औषधांच्या चाचणीसाठी मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय प्रयोगशाळा आहेत. संशयास्पद मृत्यूनंतर शरीरातील अवयवांचे, म्हणजे व्हिसेराचे, परीक्षण मात्र गृह विभागाच्या न्यायसहायक प्रयोगशाळा करतात. त्यांतील मुख्य प्रयोगशाळा मुंबईत सांताक्रूझ (पूर्व) येथील कलिना भागात आहे.

शासकीय विश्लेषकाचा अहवाल तीन प्रतींत तयार होतो. प्रत मिळाल्यापासून २८ दिवसांच्या आत आरोपीने त्याला लेखी आव्हान दिले नाही, तर तो अहवाल निर्णायक पुरावा ठरतो. आव्हान दिल्यास न्यायालय आपल्याकडील भाग कोलकात्याच्या केंद्रीय औषध प्रयोगशाळेकडे पाठवू शकते आणि तिचा अहवाल अंतिम मानला जातो.

कायद्यात सदोष औषधांचे प्रकार केलेले आहेत. ठरलेल्या मानकात न बसणारे औषध ‘अप्रमाणित’ होय. त्यात घटकद्रव्य कमी असू शकते किंवा गोळी ठरावीक वेळेत विरघळत नसते. घातक अथवा परका पदार्थ मिसळलेले औषध ‘भेसळयुक्त’ असते. दुसऱ्याच्या नावाने, अस्तित्वात नसलेल्या उत्पादकाच्या नावाने किंवा दुसऱ्याच पदार्थापासून बनवलेले औषध ‘बनावट’ ठरते. पहिल्या प्रकारात बहुधा निष्काळजीपणा असतो, तर शेवटच्या प्रकारात फसवणुकीचा हेतू असतो. शिक्षाही त्यानुसार बदलते.

भारत सरकार विरुद्ध अशोक कुमार शर्मा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये दिलेल्या निकालामुळे निरीक्षकाची जबाबदारी अधिक स्पष्ट झाली. औषधांची निर्मिती व विक्री यासंबंधीच्या प्रकरणातील गुन्ह्यांबाबत पोलिसांना या अधिनियमाखाली गुन्हा नोंदवून खटला चालवता येणार नाही, ते काम कायद्याने अधिकार दिलेल्या निरीक्षकासारख्या अधिकाऱ्यांचे आहे आणि दखलपात्र गुन्ह्यात निरीक्षकाला अटकही करता येते, असे न्यायालयाने सांगितले. त्याच कृत्यातून फसवणुकीसारखा सर्वसाधारण फौजदारी गुन्हा होत असल्यास पोलीस त्याचा तपास करू शकतात.

जे.जे. रुग्णालय प्रकरण व लेंटिन आयोग

१९८६ सालच्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभॉय रुग्णालयात चौदा रुग्ण मूत्रपिंडे निकामी होऊन दगावले. त्यांना मेंदूवरील किंवा डोळ्यातील दाब कमी करण्यासाठी ग्लिसरॉल देण्यात आले होते. ज्या आजारासाठी ते रुग्णालयात आले होते त्याने त्यांचा मृत्यू झाला नाही. रुग्णालयाला पुरवलेल्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेले होते.

ही दोन्ही द्रव्ये रंगहीन, दाट व चवीला गोडसर असतात. डोळ्यांनी किंवा जिभेने त्यांतील फरक ओळखता येत नाही. डायएथिलीन ग्लायकॉलचा उपयोग उद्योगधंद्यांत द्रावक म्हणून, तसेच वाहनांसाठी लागणाऱ्या द्रवांमध्ये होतो. शरीरात गेल्यावर त्याचे विघटन होऊन तयार होणारी द्रव्ये मूत्रपिंडांना इजा करतात. औद्योगिक दर्जाचे ग्लिसरॉल औषधी दर्जाच्या मालापेक्षा स्वस्त असते, आणि औषधी दर्जाचे लेबल लावून ते विकल्यास नफा वाढतो. या आर्थिक लोभामुळेच अशा दुर्घटना जगभर घडत आल्या आहेत.

राज्य शासनाने या प्रकरणाच्या चौकशीसाठी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांचा एकसदस्यीय आयोग नेमला. न्या. लेंटिन यांचे नाव महाराष्ट्राला परिचित होते. सिमेंट वाटपाच्या प्रकरणात त्यांनी जानेवारी १९८२ मध्ये दिलेल्या निकालानंतर मुख्यमंत्री अब्दुल रहमान अंतुले यांनी राजीनामा दिला होता.

लेंटिन आयोगाने विषारी ग्लिसरॉल कोणी पुरवले एवढ्यापुरतीच चौकशी मर्यादित ठेवली नाही. रुग्णालयाची खरेदीची पद्धत, अन्न व औषध प्रशासनाचा कारभार आणि मंत्रिस्तरावरील हस्तक्षेप यांचाही आयोगाने मागोवा घेतला आणि प्रत्येक पातळीवर कठोर ताशेरे ओढले. परवाना निलंबित किंवा रद्द करण्याच्या प्रशासनाच्या आदेशाविरुद्ध राज्य शासनाकडे अपील करता येते. असे अपील प्रत्यक्षात मंत्र्यांपुढे चालत असल्याने निरीक्षकाने केलेली कारवाई वरच्या पातळीवर निष्प्रभ होऊ शकते, हा मुद्दा या चौकशीने ऐरणीवर आला. १९८८ साली अहवाल जाहीर झाल्यानंतर त्या वेळचे आरोग्यमंत्री भाई सावंत यांना राजीनामा द्यावा लागला.

या प्रकरणाचे महत्त्व केवळ राजकीय नाही. पुरवठादाराचा परवाना, मालाची चाचणी, रुग्णालयाने माल स्वीकारताना करावयाची पडताळणी आणि संशय येताच माल परत बोलावणे, या चार टप्प्यांपैकी एकाही टप्प्यावर काम चोख झाले असते तर विष रुग्णांपर्यंत पोहोचले नसते किंवा निदान मृत्यूंची संख्या कमी राहिली असती. औषध नियंत्रणातील दोष एका व्यक्तीच्या चुकीपेक्षा अनेक ढिल्या दुव्यांतून निर्माण होतो, हे लेंटिन आयोगाच्या चौकशीतून पुढे आले.

बनावट औषधांचा माग : कळमेश्वरचे उदाहरण

विक्रेत्याने औषध कोणाकडून घेतले हे निरीक्षकाला सांगणे कलम १८-अ नुसार बंधनकारक आहे. बिलांच्या आधारे दुकानदाराकडून वितरकाकडे, वितरकाकडून घाऊक व्यापाऱ्याकडे आणि तेथून उत्पादकाकडे असा उलट प्रवास करत तपास पुढे जातो. एखाद्या टप्प्यावर बिल नसेल किंवा बिलावरील कंपनीच अस्तित्वात नसेल, तर फसवणूक नेमकी तेथे असल्याचा संशय बळावतो.

नागपूर जिल्ह्यातील कळमेश्वरच्या ग्रामीण रुग्णालयातून औषध निरीक्षकाने २०२३ साली सिप्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकाच्या गोळ्यांचा नमुना घेतला. प्रयोगशाळेच्या चाचणीत त्यांत औषधाचा अंशही आढळला नाही. वेष्टनावर गुजरातमधील ज्या उत्पादकाचे नाव होते, तो शोधूनही सापडला नाही. निविदेद्वारे सरकारी रुग्णालयांना औषधे पुरवणाऱ्या व्यापाऱ्यांपासून सुरू झालेला तपास पुढे परराज्यांपर्यंत पोहोचला आणि पोलिसांनी २०२४ साली आरोपपत्र दाखल केले. गंभीर जंतुसंसर्ग झालेल्या रुग्णाला अशी गोळी दिल्यास ती विषारी नसूनही जीवघेणी ठरू शकते, कारण उपचार चालू आहेत या समजुतीत मोलाचा वेळ निघून जातो. अशा वेळी मृत्यूचे कारण आजार असे नोंदले जाण्याचा संभव असतो आणि फसवणूक झाकलेली राहते.

शिक्षेच्या तरतुदी

डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००३ साली औषध नियंत्रण यंत्रणेचा आढावा घेऊन बनावट औषधांसाठी कठोर शिक्षेची शिफारस केली. त्यानंतर अधिनियमात २००८ साली दुरुस्ती झाली व ती २००९ पासून अमलात आली. भेसळयुक्त किंवा बनावट औषधामुळे मृत्यू अथवा गंभीर इजा होण्याचा संभव असल्यास आता किमान दहा वर्षे ते जन्मठेप अशी शिक्षा आहे. दंड किमान दहा लाख रुपये किंवा जप्त औषधांच्या किमतीच्या तिप्पट, यांपैकी जी रक्कम अधिक असेल तितका असतो. दंडाची रक्कम पीडित व्यक्तीला किंवा तिच्या वारसांना देण्याची तरतूद आहे. अशा खटल्यांसाठी विशेष न्यायालयांचीही सोय करण्यात आली.

२०२३ च्या जनविश्वास अधिनियमाने मात्र तुलनेने सौम्य समजल्या जाणाऱ्या काही गुन्ह्यांत दंड भरून तडजोड करण्याची मुभा दिली. किरकोळ त्रुटींसाठी उद्योगांना वर्षानुवर्षे न्यायालयात खेटे घालावे लागू नयेत, हा त्यामागील हेतू सांगितला गेला. अप्रमाणित औषधांच्या प्रकरणांचाही त्यात समावेश होत असल्याने रुग्णहक्कांसाठी काम करणाऱ्यांनी त्यावर टीका केली आहे.

मर्यादा व टीका

माशेलकर समितीने दर ५० कारखान्यांमागे एक आणि दर २०० विक्री दुकानांमागे एक निरीक्षक असावा असे प्रमाण सुचवले होते. रिक्त पदे आणि कामाचा बोजा यांमुळे हे प्रमाण राखणे राज्यांना कठीण गेले आहे. प्रयोगशाळेतील विलंब ही दुसरी अडचण होय. अहवाल येईपर्यंत संबंधित तुकडीतील माल विकला जाऊन रुग्णांच्या पोटात गेलेला असतो.

तिसरी अडचण दबावाची आहे. महेश झगडे हे २०११ ते २०१४ या काळात अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना फार्मासिस्टच्या गैरहजेरीत व चिठ्ठीविना औषधे विकणाऱ्या दुकानांविरुद्ध राज्यभर मोहीम राबवण्यात आली. औषध विक्रेत्यांच्या संघटनांनी त्याविरोधात दुकाने बंद ठेवण्याचे आंदोलन केले. निरीक्षकांकडून छळ होतो अशी विक्रेत्यांची तक्रार होती, तर कायद्यात पूर्वीपासून असलेला नियमच लागू केला जात आहे, असे प्रशासनाचे म्हणणे होते. निरीक्षकाच्या हाती मोठे अधिकार असल्याने त्यांचा गैरवापर होण्याचीही शक्यता असते. त्यावर लक्ष ठेवण्यासाठी प्रशासनात दक्षता शाखा आहे.

नमुना कोठून घेतला यालाही महत्त्व असते, हे २०२५ साली मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात दिसून आले. तेथे खोकल्याचे औषध घेतलेली वीसहून अधिक बालके मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली. त्यांपैकी अनेकांवर नागपूरच्या रुग्णालयांत उपचार झाले होते. सुरुवातीला तपासलेल्या काही नमुन्यांत विषारी द्रव्य आढळले नाही. तामिळनाडूच्या औषध नियंत्रण विभागाने कांचीपुरम जिल्ह्यातील कारखान्यातून घेतलेल्या नमुन्यात मात्र ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल निघाले. जे.जे. रुग्णालयातील मृत्यूंना कारणीभूत ठरलेले द्रव्य एकोणचाळीस वर्षांनंतर पुन्हा औषधात सापडले होते.

सेवेनंतरचे कार्यक्षेत्र

औषध नियंत्रणाच्या सेवेतून निवृत्त झालेले काही अधिकारी पुढे औषध कंपन्या, रुग्णालये व वितरक यांचे नियामक सल्लागार म्हणून काम करतात. सरकारी तपासणीपूर्वी कारखान्याची अंतर्गत पाहणी करणे, नोंदींतील उणिवा दाखवणे, कच्च्या मालाच्या पुरवठादारांची पडताळणी करणे आणि कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देणे हे या कामाचे स्वरूप असते. सल्लागाराने दोष वेळीच दाखवले तर सदोष माल बाजारात जाण्यापूर्वीच थांबतो. मात्र त्याच्या अनुभवाचा उपयोग दोष दूर करण्याऐवजी ते निरीक्षकाच्या नजरेआड ठेवण्यासाठी झाल्यास रुग्णांची हानी होते. त्यामुळे या व्यवसायात आर्थिक हितसंबंध उघड करण्याला महत्त्व दिले जाते.

नागरिकांचा अधिकार

औषधाची चाचणी करून घेण्याचा अधिकार केवळ निरीक्षकापुरता मर्यादित नाही. अधिनियमाच्या कलम २६ नुसार कोणतीही व्यक्ती किंवा मान्यताप्राप्त ग्राहक संघटना विकत घेतलेले औषध विहित शुल्क भरून शासकीय विश्लेषकाकडे चाचणीसाठी देऊ शकते व त्याचा अहवाल मिळवू शकते. बाधित व्यक्तीला आणि ग्राहक संघटनेला न्यायालयात फिर्याद दाखल करण्याचाही अधिकार आहे. यासाठी खरेदीचे बिल जवळ असणे उपयुक्त ठरते. बिलावरील तुकडी-क्रमांक, उत्पादकाचे नाव व मुदतीची तारीख वेष्टनाशी जुळते का, हे कोणत्याही ग्राहकाला पाहता येते. निरीक्षकाचा तपासही अशाच एखाद्या बिलापासून सुरू होतो.